पांढरीवर रोवलेलं खोरं

आमच्या जिल्ह्यात 'फ्रिजियन' म्हटलं की माणसाला गाय आठवते. काळी-पांढरी, मोठ्या कासेची, उन्हाळ्यात धापा टाकणारी. दूध हा कोल्हापुरात देवाधर्माच्या बरोबरीचा विषय. त्यामुळे वर्गात मी पहिल्यांदा फ्रिजियन लोकांचं नाव काढलं, तेव्हा मागच्या बाकावरून गारगोटीकडच्या एका पोराने विचारलं, "सर, किती लिटर देत्यात?" वर्ग हसला, मीही हसलो. इतिहासाच्या मास्तराने हसणाऱ्या वर्गाचा राग धरू नये. निम्मा वर्ग बाहेर पाऊस आहे म्हणूनच आत बसलेला असतो.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. बाहेरच्यांना वाटतं, सनावळ्या पाठ असल्या की झालं. तसं नसतं. जे मरून गेले त्यांच्याबद्दल, ज्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही अशांसमोर, रोज तासभर बोलायचं हे आमचं काम. पोरं यायची नेसरी, गारगोटी, शिरोळकडून. बऱ्याच जणांना दुसऱ्या विषयाला जागा मिळालेली नसायची. त्यांना मध्ययुगातला युरोप सांगायचा तर आधी त्यांच्याच शिवारात एक खुंटी शोधावी लागते आणि तिला युरोप टांगावा लागतो. खुंटी सापडली नाही तर तास फुकट. या धंद्यातली सगळी अक्कल त्या खुंटीत आहे, आणि ती मला बऱ्यापैकी जमायची, हे स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

फ्रिजियन लोक अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हतेच. पोप, सरंजामदार, धर्मयुद्धं हा ठरलेला माल. त्यात हे लोक एका ओळीत येऊन जायचे. आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "परीक्षेला येतं का? नाही ना? मग कशाला पोरांचं डोकं खाता?" पण मला ते लोक आवडायचे. उत्तर समुद्राच्या काठावरची सपाट, चिखलाची जमीन. भरती आली की सगळं पाण्यात, ओहोटी लागली की सगळं चिखलात. पळून जायचं सोडून या लोकांनी माती, शेण आणि कचरा टाकून टेकाडं रचली आणि त्यावर घरं बांधली. माणसं, गुरं एकाच आढ्याखाली. बाप मेला की पोरगा आणखी दोन बुट्ट्या माती टाकायचा. टेकाड पिढ्यांबरोबर वाढत जायचं. त्याला ते 'तेर्प' म्हणत. शेजारपाजारचा सगळा मुलूख सरदारांपुढे वाकत असताना हे शेतकरी आमच्या डोक्यावर कुणी धनी नाही म्हणून मिरवायचे. पुढे त्यांनी समुद्राला बांध घातला आणि त्या बांधाचे कायदे केले. ते कायदे तलवारीपेक्षा कडक होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी हे तेर्प फळ्यावर काढत होतो, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. विशाखा कांबळे. पंचगंगेकाठच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असली गावं त्या नदीला पुष्कळ आहेत. बारीक चणीची, आवाज मात्र वर्गाबाहेर जाणारा. म्हणाली, "सर, ही तर आमच्या गावची पांढर की!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जुनं गाव ज्या उंचवट्यावर वसलेलं असतं त्याला पांढर म्हणतात. शेकडो वर्षं तिथं घरं पडली, पुन्हा उठली, चुलीची राख साचली, भिंती विरघळल्या, आणि जमीन चढत गेली. खालची शेताची ती काळी, वरची राहण्याची ती पांढरी. माझं स्वतःचं घर सीमेकडच्या एका गावात पांढरीवरच होतं. आम्ही लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान. पण पायाखालच्या त्या टेकाडाकडे मी कधी बघितलंच नव्हतं. खुंटी मी शोधायची, ती त्या दिवशी मुलीने शोधून दिली. मी खूश होऊन विचारलं, "तुझं घर पांढरीवर आहे का?"

"न्हाय सर. पांढरीवर गाव. आमची वस्ती खाली, नदीच्या अंगाला."

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्ग घेऊन त्या गावाला गेलो. सहल म्हटली की पोरं जोतिबाला चला म्हणतात. मातीचं टेकाड बघायला यायला फारशी कुणी तयार नव्हती. गेलो तर पांढरीची नदीकडची बाजू खणून काढत होते. सरपंचांची वीटभट्टी होती. नदीकाठच्या मळीच्या मातीत ही राखट माती मिसळली की वीट हलकी होते आणि चांगली भाजते. कापलेल्या उभ्या भिंतीत राखेचे काळे पट्टे दिसत होते, खापरं, बांगड्यांचे तुकडे, जनावरांची हाडं. मला राहवेना. मी सरपंचांना म्हणालो, हे तुमच्या पूर्वजांचं घर आहे, असं खणू नका. ते माझ्याकडे बघून समजुतीने हसले.

"पावणं, माती हाय ती. सोनं न्हवं."

गंमत म्हणजे फ्रिजियनांनीही पुढे हेच केलं. समुद्राला बांध पडल्यावर टेकाडांची गरज संपली, आणि त्यांच्याच वंशजांनी ती खणून खत म्हणून विकली. पण त्यांनी आधी बांध घातला होता. आमच्याकडे बांधाचा पत्ता नव्हता, नदी तशीच मोकळी होती, आणि टेकाड मात्र भट्टीत चाललं होतं.

भिंतीच्या पायथ्याशी एक उंच, वाळलेला माणूस खोऱ्याने माती ओढत होता. फावड्याला आमच्याकडे खोरं म्हणतात. विशाखा म्हणाली, "सर, हे माझे बाबा." त्यांचं नाव श्रीपती. त्यांनी खोरं बाजूला टेकवलं, हात पुसून नमस्कार केला आणि मला भिंतीची एक जागा दाखवली.

"हितं चढण हुती, सर. पूर आला की आमची वस्ती शेळ्या-करडं घिऊन ह्याच चढणीनं वर जायची. समोरचा रस्ता ओढ्यानं बंद हुतोय. म्हागची ही एकच वाट."

"मग ती तुम्हीच का खणताय?"

"भट्टीला न्हाय आलो तर खायाचं काय?" मग खोऱ्याकडे बघत म्हणाले, "ह्या पांढरीवर आमाला घर बांधाय कवा दिलं न्हाय. पर तिची माती खणाय कुणी आडवलं न्हाय बगा."

विशाखा बापाकडे न बघता भिंतीकडे बघत होती. वस्ती खाली, पन्नास पावलांवर. पत्र्याची आणि कौलारू घरं, मध्ये निळा झेंडा, आणि तिच्या मागे ही माणसाला चढता न येणारी भिंत. पुढच्या मोठ्या पुरात ही माणसं वर कशी येणार, हा प्रश्न त्या दिवशी आम्हा सगळ्यांना दिसला.

त्याच वर्षी मी राजा रॅडबोडची गोष्ट सांगितली. फ्रिजियनांचा हा राजा ख्रिस्ती व्हायला निघाला. एक पाय बाप्तिस्म्याच्या पाण्यात ठेवला आणि धर्मगुरूला विचारलं, माझे पूर्वज कुठे आहेत? गुरू म्हणाला, नरकात. राजाने पाय मागे घेतला. म्हणाला, मग मी त्यांच्यातच राहीन. ही दंतकथा वर्गाला हमखास आवडायची. आपल्याकडे पूर्वज म्हटलं की माणूस विरघळतो. मागून एकजण ओरडला, "भारी राजा, सर! घराणं सोडलं न्हाय गड्यानं!"

विशाखा बसूनच बोलली. "राजाचे पूर्वज राजेच हुते. त्याला म्हागं फिराय परवडतंय. माझ्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली. त्यानं पाय म्हागं न्हाय घेतला. म्हागं हुतं काय त्याच्या?"

माझ्या टिपणात त्या गोष्टीखाली 'अस्मिता' असा एक शब्द लिहिलेला होता. तो मी घरी येऊन खोडला. गोष्ट मी पुढेही सांगत राहिलो, पण विशाखाचं उत्तर जोडल्याशिवाय कधी सांगितली नाही. राजापेक्षा तिचा आजा मला मोठा वाटला, आणि अजून वाटतो.

आणि मग फ्रिजियनांचा खोऱ्याचा कायदा. समुद्राचा बांध प्रत्येकाने आपापल्या वाटणीचा राखायचा. एकाच्या वाटणीला भोक पडलं की सगळा मुलूख बुडणार, म्हणून कुणाला सूट नाही. ज्याला राखणं झेपत नाही, त्याने आपलं खोरं बांधात रोवायचं आणि बायकापोरं घेऊन निघून जायचं. जमिनीवरचा हक्क संपला. जो ते खोरं उपसेल त्याला ती जमीन मिळायची, पण तिच्याबरोबर बांधाची जबाबदारीही. गंमत बघायला म्हणून कुणी हात लावायचा नाही. उपसलं की तुम्ही बांधले गेलात.

"सर," विशाखाने विचारलं, "ज्याच्याकडं खोरं हाय पर जमीनच न्हाय, त्यानं कुठं रोवायचं?"

मी म्हणालो, पुस्तकात मजुरांबद्दल काही लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं. ती म्हणाली, "असणारच न्हाय."

पुढे ती बी.एड. झाली, गारगोटीकडच्या एका शाळेत लागली. अधूनमधून भेटायला यायची, येताना पेरू घेऊन यायची, आणि गावची खबर सांगायची. ग्रामसभेत ती दर खेपेला उठून दोन गोष्टी मागायची. एक तर मागची चढण पुन्हा घालून द्या, नाहीतर वस्तीला वर पांढरीवर जागा द्या. चढणीला 'बघू' मिळायचं, जागेचा विषय निघाला की सभा संपायची. मीही माझ्या परीने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पुरातत्त्वाच्या माणसाला पांढरीतल्या खापरांचं कौतुक होतं, महसुलाच्या माणसाला मातीच्या परवान्याचं. खाली राहणाऱ्या माणसांचा विभाग कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तराला मान मिळतो. त्याचं ऐकलं जातं असं नाही.

दोन हजार पाच साली महापूर आला. धरणं भरली, पाऊस थांबेना, रस्ते एकामागून एक बंद झाले. मी कोल्हापुरात अडकलो, विशाखा गारगोटीला. तिचा फोन आला, "सर, गावाकडचा फोन लागत न्हाय." पाणी उतरेपर्यंत ती रोज फोन करायची आणि मी तिला पेपरात आलेली नदीची पातळी वाचून दाखवायचो.

काय झालं ते नंतर तिच्या आईने सांगितलं. मी वस्तीत गेलो तेव्हा घरांच्या भिंतींवर छपराच्या उंचीला चिखलाची रेघ होती आणि माऊली ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर बसली होती. रडून झालेलं होतं. आवाज कोरडा होता.

"सकाळच्याला वड्याचं पाणी आलं. समोरची वाट गेली. दुपारपातूर दारात. मालक म्हणालं, समदी भितीकडं चला. खोरं घेतलं आन् भितीत पायऱ्या खांदाय लागलं. त्यास्नीच ठावं की, भीत कुठं घट हाय आन् कुठं राखट. त्यांनीच कापल्याली ना. एकेकाला वर चढवलं. पोरं चढवली, म्हातारी चढवली. मला ढकललं. शेळी वर दिली. मी वरनं हात खाली केला, म्हटलं या आता. त्यांनी खोरं वर फेकलं, आदी हे घे म्हणालं. आन् भीत बसली."

'बसली' म्हणजे भिजलेली भिंत खचून खाली आली. पायऱ्यांसकट. श्रीपती तिच्याखाली गेले. पाणी उतरल्यावर ज्या मातीवर त्यांनी इतकी वर्षं काम केलं त्याच मातीतून त्यांना बाहेर काढलं. वस्तीतलं बाकी कुणी गेलं नाही. त्या पुरात गावातला गेलेला तो एकटाच माणूस, म्हणून गावात लोक म्हणत होते, थोडक्यात निभावलं. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या तोंडात शिवी आली. उभ्या आयुष्यात मी जी चारचौघांत दिलेली नव्हती ती मी तिथं दिली.

काही आठवड्यांनी विशाखाचा निरोप आला. "ग्रामसभा हाय, सर. पांढरीवर, देवळाम्होरं. या तुमी. तुमचाच कायदा हाय."

मी मागे उभा राहिलो. गाव जमलेलं होतं, वस्तीही होती, एका बाजूला. विशाखा आईला घेऊन आली. हातात बापाचं खोरं. पातं घासून लखलखीत केलेलं. ती थेट पांढरीच्या कापलेल्या कडेशी गेली, खोरं उचललं आणि सगळ्या ताकदीने मातीत हाणलं. खोरं उभं राहिलं. मग ती वळली.

"लांब एका समुद्राकाठी कायदा हुता. ज्याला बांध राखाय झेपत न्हाय त्यानं खोरं रोवायचं आन् जायाचं. जो खोरं उपसंल त्याची जमीन, पर बांधबी त्यानंच राखायचा. आमची जमीन न्हवती. पर ही पांढर माझ्या बाबानं अंगावर घेतली. आता ती त्याचीबी हाय. मी त्याचं खोरं रोवलंय. तुमच्यातल्या कुणीबी एकानं म्होरं यायचं, हे उपसायचं. उपसलं की ही पांढर राखायची, आन् वस्तीला वर जागा द्यायची. कुणी न्हाय उपसलं तर आमी गेलो म्हणून समजा."

सरपंच म्हणाले, "बाई, तुजं दुःख कळतंय आमाला. पर ह्ये काय नाटक लावलंयस?"

"नाटक आसंल तर उपसा की."

ते जागचे हलले नाहीत. कुणीच हललं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठला. शेजारी बसलेल्या त्याच्या मुलाने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. लोक खोऱ्याकडे बघत नव्हते, एकमेकांच्या पायांकडे बघत होते. मला वाटत होतं, कुणीतरी उठेल. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला इतकं भाबडं राहून चालत नाही, पण मला मनापासून वाटत होतं. विशाखा बराच वेळ थांबली. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी पांढरीवरून उतरून गेल्या. तिने आईला गारगोटीला नेलं. वस्तीला पुढे गायरानात जागा मिळाली, पुरापासून लांब आणि गावापासून त्याहून लांब.

निवृत्तीनंतर दोन-एक वर्षांनी मी एकदा त्या गावावरून जात होतो. उतरलो. भट्टी चालू होती. पांढर नदीच्या अंगाने आत आतपर्यंत खणत नेलेली, देवळाच्या जोत्याला टेकलेली. आणि खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खांब शिल्लक होता, दोन पुरुष उंच, कडा तुटलेल्या. त्याच्या माथ्यावर खोरं. खोऱ्याभोवतीची तेवढी माती सोडून बाकीची सगळी पांढर त्यांनी नेली होती. दांड्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. ज्याला वर घर बांधू दिलं नाही, त्याच्या खोऱ्याची पूजा मात्र सुरू झाली होती.

भट्टीचा मुकादम जवळ आला. बाहेरगावचा माणूस होता. मी कोण, कुठला, विचारलं आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "पावणं, तुमी ह्या गावचं न्हवं. तेवढं खोरं उपसून द्या की. शिडी देतो. हितलं कुणी हात लावाय तयार न्हाय, मला ह्याच गावात पोट भरायचंय, आन् खाली चांगली माती आडकून पडल्या."

"उपसणाऱ्याला पांढर राखावी लागते," मी म्हणालो.

त्याने खड्ड्यावरून नजर फिरवली. "राखाय ऱ्हायलंय काय आता?"

मी हात मागे बांधून घेतले आणि रस्त्याला लागलो. स्टँडवर येऊन विशाखाला फोन केला आणि दिसलं ते सगळं सांगितलं, खांब, हळदकुंकू, मुकादम, सगळं. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं.

"दांडा कुजलाय का हो सर?"

"नाही."

"बाभळीचा हाय. बाबांनी स्वतः तासून घातलेला. इतक्यात न्हाय कुजायचा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे उभा. बगू दे त्यास्नी रोज."